युनिव्हर्सल एक दिवस, हॉटेल पाच रात्री: सिंगापूरला राहायचं कुठे?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कुठल्याही टूरवाल्याकडून सिंगापूरचं पत्रक आणा. ‘पाच रात्री सहा दिवस, थ्री स्टार हॉटेल किंवा तत्सम’ ही ओळ त्यात सापडेलच. सगळी गोम त्या ‘तत्सम’मध्ये आहे. मुलांना हवं असतं युनिव्हर्सल स्टुडिओज, आई-बाबा तिकिटांचे दर घासाघीस करून ठरवतात, आणि हॉटेल कुठल्या रस्त्यावर आहे हे व्हिसा आल्यावर व्हाउचरमध्ये वाचतात. तोवर बदलायची वेळ गेलेली असते.

आधी हिशेब. पाच रात्रींच्या सहलीत युनिव्हर्सल एकच दिवस. बाकीचे दिवस प्राणिसंग्रहालय, गार्डन्स बाय द बे, मुस्तफातली खरेदी. म्हणजे पार्क सेंटोसा बेटावर आहे म्हणून पाचही रात्री बेटावर काढायचं कारण नाही. उलट पार्कचा दिवसच सगळ्यात दमवणारा असतो, त्यामुळे ‘कुठेही राहू, टॅक्सी करू’ हेही महागात पडतं.

युनिव्हर्सलला जाणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. मेट्रोची, म्हणजे तिथल्या एमआरटीची, जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन हार्बरफ्रंटला संपते. स्टेशनच्या डोक्यावर व्हिवोसिटी मॉल. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल सुटते आणि पहिल्याच थांब्यावर, रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला, उतरलं की पार्क चालत काही मिनिटांवर. जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर, परतीचे पैसे नाहीत. हेही द्यायचे नसतील तर व्हिवोसिटीच्या मागून सेंटोसा बोर्डवॉक आहे. छप्पर आहे, काही भागात सरकते पट्टे आहेत, पंधरा-वीस मिनिटांत पायी पोचता येतं. सकाळी मुलं उड्या मारत जातात. संध्याकाळी त्याच वाटेने परत आणायचं धाडस करू नका.

म्हणून हॉटेल शोधताना ‘सेंटोसापासून किती किलोमीटर’ असं न बघता ‘जांभळ्या लाइनवर आहे का’ एवढंच बघा. लिटल इंडियाला गाडीत बसलं की डोबी घॉट, क्लार्क की, चायनाटाउन, औट्रम पार्क आणि मग थेट हार्बरफ्रंट. पाचवा थांबा, गाडी बदलायची नाही. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोली गाठायला लागतो साधारण तेवढाच वेळ, फक्त दारात लटकायचं नाही. लिटल इंडियाच्या आधीचं स्टेशन फॅरर पार्क, मुस्तफा सेंटरच्या जवळचं. ऑर्चर्डला राहिलात तर डोबी घॉटला बदलावं लागतं, बुगिसहूनही बदल आहेच. एकट्या माणसाला हे काहीच नाही. पेंगुळलेलं मूल खांद्यावर आणि स्ट्रोलर हातात असताना एक बदल म्हणजे लिफ्ट शोधत स्टेशनभर फिरणं.

लिटल इंडिया आणि फॅरर पार्कची दुसरी जमेची बाजू म्हणजे पोट. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, आनंद भवन आहे, सकाळी इडली-डोसा आणि फिल्टर कॉफी मिळते. शाकाहारी घराला हॉटेलच्या महागड्या नाश्त्यात ब्रेड, फळं आणि कॉर्नफ्लेक्स यापलीकडे फारसं काही लागत नाही, त्यामुळे इथे खोली नाश्त्याशिवाय घेतली तरी चालते. आजी-आजोबा बरोबर असतील तर या एकाच मुद्द्यावर हा भाग जिंकतो.

आता उणी बाजू. या भागातल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. बुकिंग साइटवर खोलीच्या नावातच लिहिलेलं असतं, पण फोटोत पडदा लावलेला दिसतो आणि माणूस फसतो. दोन तरण्या मुलांना झोपायला ती पुरेल. लहान मुलांना मात्र अशा खोलीत सकाळ झाल्याचं कळत नाही, ओले कपडे वाळत नाहीत आणि चौघांचा श्वास कोंडतो. काही हॉटेलं जुन्या शॉपहाऊसमध्ये आहेत: खाली दुकान, वर अरुंद जिना, लिफ्ट नाही. ‘लिफ्ट आहे का आणि खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का’ हे दोन प्रश्न हॉटेलला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आणखी एक, रविवारी संध्याकाळी कामगारांची सुट्टी असते आणि सगळा लिटल इंडिया रस्त्यावर उतरतो. धोका काही नाही, पण दादरला फुलबाजारापाशी सणाच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी असते. शक्य असेल तर पोचण्याचा वार रविवार ठेवू नका.

पॅकेजमध्ये ‘तत्सम’ म्हणून जे मिळतं ते बहुधा बालेस्टियर नाहीतर गेलांग. बालेस्टियर रोड वाईट नाही, खोल्या जरा मोठ्या मिळतात, पण रस्त्यावर एमआरटी स्टेशनच नाही. रोज बस किंवा टॅक्सी आलीच. टूरची बस सगळीकडे नेणार असेल तर हरकत नाही, स्वतः फिरणार असाल तर रोजचा अर्धा-पाऊण तास जातो. गेलांग खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथली काही हॉटेलं स्वच्छही असतात. पण तिथे गल्ल्यांना लोरोंग म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. सम आकड्याच्या बऱ्याच लोरोंगमध्ये रेडलाइट वस्ती आहे. मुलं बरोबर असतील तर पत्त्यातला लोरोंगचा आकडा बघितल्याशिवाय होकार देऊ नका. टूरवाल्याकडून पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव आणि पूर्ण पत्ता लेखी घ्या. ‘तिथे गेल्यावर कळेल’ असं उत्तर आलं तर दुसरा टूरवाला बघा, ठाण्यात त्यांचा तोटा नाही.

सेंटोसावर राहावं का? राहावं, पण एकच रात्र, आणि तीही घरातल्या धाकट्याकडे बघून. घरीच दाराच्या चौकटीला लावून मुलाची उंची मोजा. ट्रान्सफॉर्मर्सला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, रिव्हेंज ऑफ द ममीला १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. पट्टी राइडच्या तोंडाशीच उभी असते आणि तिथे ‘दीड सेंटिमीटरच कमी आहे हो’ चालत नाही. सव्वाशेच्या वरची मुलं पार्क बंद होईपर्यंत हलत नाहीत. त्यांना दुपारी खोलीची गरज नसते, त्यांच्यासाठी लिटल इंडियातून ये-जा पुरते. शंभरच्या आतलं मूल दुपारी गळतं, तेव्हा पार्कशेजारची खोली म्हणजे अर्धा दिवस वाचला. साठीच्या पुढच्या गुडघ्यांनाही हेच लागू.

ही एक रात्र कुठली घ्यायची, इथे बहुतेकांचं चुकतं. लोक आदल्या रात्रीचं बुकिंग करतात, सकाळी गेटवर पहिला नंबर लागावा म्हणून. मग काय होतं बघा. पार्क साधारण १० ला उघडतं, चेकआउट ११ किंवा १२ ला. म्हणजे सकाळी आठला बॅगा बांधा, रिसेप्शनला ठेवा, दिवसभर पार्क, आणि संध्याकाळी सातला झोपलेली मुलं घेऊन बॅगा उचलून पुन्हा शहरात. दुपारी खोली हवी असते, नेमकी तेव्हा ती हातात नसते.

त्याऐवजी पार्कच्याच तारखेची रात्र घ्या. सकाळी शहरातलं हॉटेल सोडा, साडेनवाच्या सुमाराला बॅगा सेंटोसाच्या हॉटेलात ठेवा. खोली तीनला मिळते, पण त्या दिवशीचं बुकिंग असलं की बॅगा आधीच ठेवून घेतात. तीनपर्यंत पार्क. तिथे दुपारनंतर विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, आणि सिंगापूरमध्ये दुपारचा गडगडाटी पाऊस ही रोजची शक्यता. त्याच वेळात चावी घ्या, मुलांना झोपवा, कपडे बदला. पुन्हा आत जायचं असेल तर बाहेर पडतानाच गेटवर परतप्रवेशाचं विचारून घ्या. संध्याकाळी गर्दी ओसरलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅडव्हेंचर कोव्ह वॉटरपार्क किंवा ओशनेरियम हे मत्स्यालय उरकून, ओले कपडे बांधून निघा. एका रात्रीच्या पैशात दोन दिवसांचा उपयोग होतो.

मात्र ‘सेंटोसा’ नाव लावलेलं प्रत्येक हॉटेल पार्कच्या दारात नसतं. रिसॉर्ट्स वर्ल्डच्या, म्हणजे ज्या संकुलात युनिव्हर्सल आहे त्याच्या, आवारातली पार्कच्या बाजूची हॉटेलं चालत जाण्याजोगी, बाकीची सिलोसोच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली. बेटावरच्या बस आणि मोनोरेल फुकट आहेत, पण बसची वाट पाहण्यात दुपारची झोप निघून जाते. नकाशावर हॉटेलच्या दारापासून युनिव्हर्सलच्या दारासमोरच्या पृथ्वीच्या गोलापर्यंत चालण्याचं अंतर टाका. दहा मिनिटांच्या वर गेलं तर जास्तीचे पैसे कशाचे देताय ते विचारा.

पैशांचं गणित असं मांडा. लिटल इंडियातून चौघांचा येण्या-जाण्याचा खर्च: एमआरटी प्रत्येकी एका फेरीला दोन डॉलरच्या आत, म्हणजे फार तर १६, आणि मोनोरेलचे १६. एकूण ३२ डॉलर. सेंटोसाच्या आणि शहरातल्या एका रात्रीच्या भाड्यातला फरक काढा, त्यातून हे ३२ वजा करा. उरेल ती दुपारच्या झोपेची किंमत. द्यायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

भाडं बघताना आकड्यापुढे ‘++’ असेल तर थांबा. १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. २०० डॉलरची खोली २४० ला जाते. मुलांची वयं बुकिंगमध्ये खरी टाका. दोन मोठे आणि दोन मुलं असताना ‘दोन मोठे’ एवढंच टाकून स्वस्तात खोली घ्यायची युक्ती आपल्याकडे लोणावळ्याला चालत असेल, तिथे काउंटरवर पासपोर्ट मोजतात आणि दुसरी खोली घ्यायला लावू शकतात, त्या दिवशीच्या दराने. क्वीन बेड साधारण दीड मीटर रुंद, त्यात आई-बाबा आणि एक मूल कसेबसे मावतात. चौघांसाठी फॅमिली रूम किंवा ‘कनेक्टिंग’ खोल्या मागा. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या, मधलं दार नसलेल्या.

कोणी म्हणेल, फ्लॅट घेऊ, वरणभात करू. सिंगापूरमध्ये खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं बेकायदा आहे, त्यामुळे चार-पाच रात्रींसाठी ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त फ्लॅटच्या वाटेला जाऊ नका. स्वयंपाकघर हवंच असेल तर हॉटेलचा परवाना असलेली अपार्टमेंट-हॉटेलं बघा. साध्या खोलीत इंडक्शन शेगडी लावू नका, धुराचा अलार्म वाजला की सगळा मजला बाहेर येतो. किटलीतल्या पाण्यावर तयार पोहे, उपमा होतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. दूध, केळी, दही व्हिवोसिटीतल्या फेअरप्राइसमधून घ्या, सेंटोसावर जाण्याआधीच.

तारखांचंही हॉटेलशी नातं आहे. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर महिनाअखेरच्या आत उरका, त्यानंतर तिथल्या शाळांना जूनची सुट्टी लागते आणि पार्कही भरतं, भाडंही चढतं. दिवाळीत लिटल इंडियाची रोषणाई बघण्यासारखी असते, पण सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत युनिव्हर्सलमध्ये हॅलोविनच्या रात्री असतात. त्या रात्रींचं तिकीट वेगळं आणि दिवसाचं पार्क लवकर बंद. तिकीट तारखेचं असतं, म्हणून हॉटेलच्या रात्री पक्क्या करण्याआधी पार्कचं कॅलेंडर उघडा. फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा आठवडाही टाळा, शहरातल्या खोल्यांचे दर तेव्हा आपल्या हिशेबात बसत नाहीत.

मुंबईहून विमान साडेपाच तासांचं, घड्याळ अडीच तास पुढे. रात्रीच्या विमानाने सकाळी पोचलात तर खोली तीनशिवाय मिळत नाही, त्यामुळे त्या दिवशी पार्क ठेवूच नका. बॅगा हॉटेलात टाकून जवळपास फिरा. एमआरटीसाठी व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर ठाण्यातच सुरू करून ठेवा. ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट.

बॅगा घेऊन हॉटेल बदलण्याच्या दिवशी मात्र टॅक्सीच करा. साध्या टॅक्सीत चार माणसं आणि दोन मोठ्या बॅगा, त्यापेक्षा जास्त नाही. पाच जण असाल तर सहा आसनी मागवा. आणि अ‍ॅपवरून गाडी बोलावणार असाल तर १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलासाठी चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला त्यातून सूट आहे. ग्रॅब या अ‍ॅपची गाडी दारात येऊन मूल बघून परत गेली की सकाळचे साडेनऊ तिथेच वाजतात.