हाशिमोटोचे निदान आणि त्यानंतरचे वर्ष

आपल्याकडे घरोघरी कोणाला ना कोणाला ‘थायरॉईड’ असतो. त्यामुळे मलाही तो निघाला तेव्हा बहुतेकांनी ‘रोज एक गोळी घ्यायची, बाकी काही नाही’ एवढेच सांगून विषय संपवला. ते सांगणे खोटे नव्हते. मात्र ती एक गोळी कशी घ्यायची, कशापासून लांब ठेवायची, तिचा परिणाम केव्हा आणि कशावरून मोजायचा हे समजून घेण्यात माझे पहिले वर्ष गेले. नव्याने निदान झालेल्या व्यक्तीला हे आधीच कळलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. वय ४८. माझी तक्रार सुरू झाली ती आवाजापासून. दुसऱ्या तासालाच घसा बसायचा आणि आवाज घोगरा व्हायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्रात दोष आढळला नाही. केस गळत होते, पोट साफ होत नव्हते, मे महिन्यात पंखा नकोसा वाटत होता. पण या प्रत्येक गोष्टीला पाळी जाण्याचे वय हे तयार उत्तर होते आणि मला ते पटतही होते. पुढे वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले दिसले, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यावरची गोळी लगेच न देता आधी टीएसएच तपासायला सांगितले. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारे, मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉईड कमी पडला की ते वाढते. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की कोलेस्टेरॉल आपोआप वाढते आणि ती कमतरता भरून काढल्यावर पुष्कळदा उतरतेही, असे त्यांनी समजावले.

टीएसएच २८ आले. प्रयोगशाळेची वरची मर्यादा चारच्या आसपास होती. फ्री टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉईडचे संप्रेरक, कमी होते आणि अँटी-टीपीओ या दुसऱ्या तपासणीच्या रकान्यात ‘६०० पेक्षा जास्त’ असे छापलेले होते. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, अहवाल बाजूला ठेवून मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावले मोकळी लोंबतील असे बसायला सांगितले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारले. पाऊल झटक्याने हलले, पण जागेवर परत येताना रेंगाळले. हा मंदपणा स्नायूंपर्यंत पोहोचलेल्या कमतरतेची खूण असते, असे त्या म्हणाल्या. त्या रेंगाळणाऱ्या पावलाने मला आजाराची जी खात्री पटवली, ती कागदावरच्या आकड्यांनी पटवली नव्हती.

आजाराचे नाव हाशिमोटो थायरॉइडायटिस. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी झाल्याचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात केले होते. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर चाल करून जाते, याचा पुरावा मात्र १९५६ मध्ये लंडनच्या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तात या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) सापडली तेव्हा मिळाला. माझ्या अहवालातले अँटी-टीपीओ म्हणजे तशीच प्रतिपिंडे. हा आकडा खाली कसा आणायचा, हा माझा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांचे उत्तर मी येथे मुद्दाम नोंदवते : प्रतिपिंडांमुळे कारण कळते, गोळीची मात्रा टीएसएचवरून ठरते, म्हणून प्रतिपिंडांची तपासणी पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते. या एका वाक्याने माझा पैसा वाचला आणि जीवाची घालमेलही थांबली.

पूर्ण मात्रेचा ढोबळ हिशेब वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम असा असतो. माझे वय, कोलेस्टेरॉल आणि मंद झालेले ठोके पाहून डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी, ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू केले. या औषधाचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे नवी मात्रा शरीरात स्थिरावण्यासाठी सहा आठवडे तरी द्यावे लागतात आणि त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. पहिल्या काही आठवड्यांत थकवा तसाच होता, तेव्हा मला या माहितीचाच आधार वाटला. पुढच्या तपासणीनंतर मात्रा ७५ झाली आणि त्यानंतर आवाज हळूहळू मोकळा होऊ लागला.

खरी जुळवाजुळव होती ती सकाळची. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घ्यायचा नाही. आमच्या घरी दिवस सुरू होतो तो सासूबाईंबरोबरच्या चहाने, आणि माझी शाळा सकाळची. मी पाचला उठल्याबरोबर गोळी घेते. आंघोळ, पूजा, डबा होईपर्यंत तास निघून जातो आणि सासूबाईही माझ्यासाठी चहा थांबवून ठेवतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या औषधाचे शोषण अडवतात म्हणून त्यांत चार तासांचे अंतर हवे, त्यामुळे माझे कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर गेले. श्रावणी सोमवारी गोळी घ्यावी का, असे मी विचारले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “औषधानं कधी उपवास मोडतो का गं?”

सल्ले पुष्कळ मिळाले. कोबी-फ्लॉवर बंद कर, असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. शिजवलेल्या भाजीच्या नेहमीच्या प्रमाणाला डॉक्टरांची काहीच हरकत नव्हती. त्यांनी थांबवल्या त्या वेगळ्याच दोन गोष्टी. कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही रोजच्या स्वयंपाकात सैंधव आणले होते. त्यात पुरेसे आयोडीन नसते, म्हणून आयोडीनयुक्त मीठ पुन्हा सुरू करायला सांगितले. त्यापलीकडे आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत, कारण जादा आयोडीनने हा आजार बळावू शकतो. दुसरी गोष्ट केसांसाठी घेत असलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटेच कमी दिसते आणि मात्रा गरजेपेक्षा जास्त असल्याचा भास होतो. म्हणून रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवायच्या. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या आणि त्याच वेळी थायरॉईड तपासणाऱ्या बायका माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. त्यांच्यातल्या कोणालाही हे कोणी सांगितलेले नव्हते. रक्त देण्याच्या दिवशी मी गोळी रक्त दिल्यानंतर घेते, आणि गोळीची कंपनी बदलायची झाल्यास डॉक्टरांना विचारून, पुढे पुन्हा टीएसएच तपासून बदलते.

प्रतिकारशक्तीचे आजार एकमेकांच्या सोबतीने येऊ शकतात, म्हणून बी-१२ आणि साखरही पाहिली. बी-१२ कमी निघाले व त्याची इंजेक्शने झाली. हाता-पायांच्या मुंग्या त्यानंतर थांबल्या.

माझ्या २४ वर्षांच्या मुलीचे स्थळ पाहणे सुरू आहे. आईचा आजार बाहेर बोलू नकोस, असे नात्यातल्या काही जणींनी मला बजावले. मला ते मान्य नाही. हा आजार कुटुंबांत आढळतो, तो बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो, आणि गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकावर, अवलंबून असते. ज्या मुलीला हे ठाऊक असते ती दिवस राहण्याआधीच तपासणी करून घेते; जिच्यापासून ते लपवले जाते, तिचे आणि बाळाचे नुकसान होऊ शकते. मी मुलीला माझी सगळी फाईल वाचायला दिली आणि तिची तपासणी करून घेतली. तिचे टीएसएच व्यवस्थित आहे, प्रतिपिंडे मात्र आढळली. तिला आज गोळीची गरज नाही. वर्षातून एकदा टीएसएच, आणि बाळाचा विचार करताना त्याआधी एकदा, असे डॉक्टरांनी तिच्या स्वतःच्या फाईलवर लिहून दिले आहे.