पाच डॉलरचं तिकीट

फुगाझी या अमेरिकन पंक बँडचं नाव निघालं की लोक तत्त्वांबद्दल बोलतात. हिशेबाबद्दल कुणी बोलत नाही.

तो हिशेब वॉशिंग्टनमध्ये आधीच घोटून झाला होता. १९८० साली टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड फुटला, तेव्हा गाठीशी कार्यक्रमांचे साधारण ६०० डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी ८ गाण्यांची ७ इंची तबकडी काढली, १००० प्रती. कव्हरासाठी एक जुनं कव्हर उकललं, त्यावरून आकार गिरवला; छापलेले कागद हातानं कापले, दुमडले, चिकटवले. डिस्कॉर्ड ही तबकड्या काढणारी कंपनी सुरू झाली ती अशी.

त्याच कंपनीचा फुगाझी १९८७ मध्ये उभा राहिला. तिकीट बहुतेकदा ५ डॉलर, वयाची अट नाही. इथंच अडतं: क्लबची कमाई दारूवर, म्हणून लहानांना दार बंद. मग चर्चचे हॉल, शाळांची सभागृहं शोधायची. एवढ्या स्वस्तात भागायचं तर खर्च आधी छाटावा लागतो. मॅनेजर नाही, कार्यक्रम बँडचा गायक-गिटारवादक इयन मकाय स्वतःच ठरवायचा. तबकडीवर टपालासह किंमत छापलेली, म्हणजे दुकानदाराला ती फुगवणं अवघड. टी-शर्टही विकायचे नाहीत, हे मात्र जरा अतीच.