उलटा घोडा

मला घोड्याची उजवी बाजू बघायची होती. मागणी एवढीच.

वीतभर उंचीचं मॉडेल करतोय: 20 डेक्कन हॉर्स या ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या रिसाल्याचा सवार, फ्रान्स, 1916. त्या वर्षी 14 जुलैला सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानापाशी याच रिसाल्याने भाले घेऊन चढाई केली होती. डावी बाजू होऊन गेली होती. खोगीर, तंग, रिकीब, तलवार, सगळं जुन्या फोटोंवरून जमलं. अडलं ते उजवीकडे. गोऱ्या ट्रूपरची (घोडदळातल्या साध्या शिपायाची) रायफल खोगिरामागे उजवीकडे चामडी खोळीत असे, हे माहीत होतं. पण हिंदी घोडदळात तेव्हा बहुतेक ठिकाणी शिलेदारी पद्धत होती. घोडा आणि सरंजाम सरकारी नाही. सवाराने पैसे भरायचे आणि रिसाल्याने त्यातून सामान घ्यायचं. (आपल्याकडचाच शब्द. स्वतःचा घोडा आणील तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. इंग्रजांनी शब्दही उचलला आणि पद्धतही, आणि ती पहिल्या महायुद्धानंतर मोडली.) म्हणून गोऱ्यांच्या नियमपुस्तकावर विसंबून खोळ शिवायला मन धजेना.

परदेशातल्या एका मोठ्या संग्रहाच्या यादीत हवा तसा फोटो सापडला. भालेवाला हिंदी सवार, घोड्याचं तोंड उजवीकडे. म्हणजे दिसते ती उजवी बाजू. टपाल तिकिटाएवढ्या चित्रात याहून जास्त काही कळत नव्हतं. मोठी प्रत मागवली, पैसे भरले, चार दिवसांत फाइल आली. इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही.

फाइल उघडली तर सवाराच्या मांडीमागे तलवारीची मूठ. रायफलचा पत्ता नाही. तलवार उजवीकडे! मी इतका हरखलो की काही नवीनच शोध लागल्यासारखं वाटलं. शिलेदारांची तऱ्हाच वेगळी, असं स्वतःला पटवून दोन संध्याकाळी चामडं कापत बसलो. तिसऱ्या दिवशी सहज हाताकडे लक्ष गेलं. लगाम उजव्या हातात आणि भाला डाव्या. घोडदळात लगाम डाव्या हातात धरतात, कारण उजवा हात हत्याराला मोकळा लागतो. पहिल्या दिवशीच्या रंगरुटालाही हे शिकवलं जाई. मला मात्र दोन दिवस दिसलं नाही.

काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन केली होती. मी पैसे मोजून विकत घेतली होती ती डावीच बाजू, आरशातली.

आता हे त्यांना सांगायचं. तक्रारीच्या अर्जात तीनच पर्याय होते: फाइल उघडत नाही, चित्र अस्पष्ट आहे, चुकीचं चित्र आलं. ‘चित्र उलटं आहे’ हा चौथा प्रकार त्यांच्या स्वप्नातही आला नसावा. तिसऱ्यावर खूण केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘पाठवलेलं चित्र आमच्या यादीतल्या चित्राशी जुळतं.’ जुळणारच! यादीतलं चित्र त्याच स्कॅनवरून केलेलं. मी लगाम, भाला, तलवार असं क्रमाने लिहून पाठवलं. आणखी दोन आठवडे गेले. मग एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं की सवार डावखुरा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

डावखुरा! मग तलवारही डावखुरी, भालाही डावखुरा आणि खोगीरही डावखुरं? तसं लिहिलंही होतं, पण पाठवलं नाही. त्याऐवजी बिली द किड या अमेरिकन बंदूकबाजाचं उदाहरण दिलं. त्याच्या टिनटाइपमुळे, म्हणजे लोखंडी पत्र्यावर घेतलेल्या फोटोमुळे, तो डावखुरा होता असं लोक कितीतरी वर्षं धरून चालले. पत्र्यावरचं ते चित्र मुळातच उलटं उमटतं, एवढंच कारण. त्याच्या हातातली 1873ची विंचेस्टर बंदूक पाहिली की उलगडा होतो. काडतुसं भरायचं तोंड तिच्या उजव्या अंगाला असतं, आणि त्या चित्रात ते डावीकडे दिसतं. तुमच्याजवळ घोडेस्वाराचा टिनटाइप असेल तर आधी तो आरशात बघा, मग सामानाची चर्चा करा.

बटणांवरून बाजू ओळखा असंही लोक सांगतात. कोट घातलेल्या गोऱ्या शिपायाला ते चालतं. आमचा सवार कुडत्यात, वर छातीवरून आडवा पट्टा. बटण एकही दिसेना. छातीवर पदक असतं तर काम झालं असतं, ते डावीकडेच लावतात. तेही नव्हतं. घोड्याच्या आयाळीवरून तर काहीच ठरवू नका.

किडच्या उदाहरणाचा परिणाम झाला की मला कंटाळून, ठाऊक नाही, पण कुणीतरी उठून मूळ काच काढून पाहिली. काचेच्या कोपऱ्यात फोटोग्राफरने हाताने लिहिलेला क्रमांक होता, आणि स्कॅनच्या बाजूने तो उलटा वाचता येत होता. माझ्या प्रतीत तो कोपराच नव्हता, कारण कडा ‘नीटनेटक्या’ कापल्या होत्या. तेव्हा प्रत मागवतानाच लिहा: कडा कापू नका, काच पूर्ण दिसू द्या. मला हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर सात आठवडे वाचले असते.

आठव्या आठवड्यात दुरुस्त फाइल आली, सोबत दिलगिरीची दोन वाक्यं. यादीतलं चित्रही आता सुलट आहे. मी तीन वेळा उघडून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

माझ्याकडे त्यामुळे डाव्या बाजूचा आणखी एक उत्तम फोटो जमा झाला. पैसे परत मागायचा अर्ज आहे, पण त्यातही ते तीनच पर्याय. घोडा सध्या कपाटात उभा आहे, उजवी बाजू भिंतीकडे करून.