हायवे १२ : ब्राइस ते कॅपिटल रीफ, घाई न करता

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्क पाहून कॅपिटल रीफ नॅशनल पार्कला निघालेले बरेच जण हायवे १२ अडीच-तीन तासांत उरकतात. आम्ही वाटेत एस्कलांटे गावात मुक्काम केला. तुम्हीही करा, कारण खरी मजा या दोन पार्कांच्या मधेच आहे.

ट्रॉपिक, कॅननव्हिल या गावांपर्यंतचा रस्ता साधा. एस्कलांटे सोडल्यावर थोड्याच वेळात ‘हेड ऑफ द रॉक्स’चा थांबा येतो, आणि समोर नजर पोचेल तिथवर पांढरा-पिवळसर वालुकाश्म, झाडाचं नाव नाही. तिथून रस्ता एस्कलांटे नदीपर्यंत उतरतो.

नदी ओलांडली की काफ क्रीक हा ओढा. पायवाट जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटर. चढ फारसा नाही, पण वाळूत पाय रुततात आणि उन्हाळ्यात सावली बेताची. शेवटी १२६ फुटांचा धबधबा आणि उन्हाळ्यातही हुडहुडी भरवणारं पाणी. वाटेत पलीकडच्या कड्यावर फ्रीमाँट या इथल्या प्राचीन आदिवासी लोकांनी रंगवलेल्या तीन लाल आकृत्या आहेत. मुलांना शोधायला लावा, चालण्याची कुरकुर थांबते. पार्किंग अगदी लहान, म्हणून सकाळी लवकर पोचा. एकच ट्रेक जमणार असेल तर हाच करा.

पुढे ‘हॉगबॅक’. अरुंद डोंगरधारेवरून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना दरी. आपल्या घाटात निदान एका बाजूला डोंगराचा आधार असतो. इथे तोही नाही. चालवणाऱ्याने रस्ताच पाहावा, फोटोचं काम शेजारच्याकडे द्यावं. बोल्डर गावाला १९३० च्या दशकापर्यंत टपाल खेचरांवरून का यायचं, हे इथे आपोआप कळतं.

बोल्डरनंतर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि वाळवंटाच्या जागी ॲस्पेनच्या झाडांचं रान येतं. ऑक्टोबरातही इथे बर्फ पडू शकतो, गरम कपडे हाताशी ठेवा. मोकळी गुरं आणि हरणं रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत हायवेच्या शेवटचं टॉरी गाव गाठा.

पेट्रोल एस्कलांटेत भरून घ्या. मोबाइलची रेंज बराच वेळ नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा. एस्कलांटेजवळ हायवेवरून फुटणारा होल-इन-द-रॉक रस्ता कच्चा आहे; पावसानंतर त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि ढग दिसले तर अरुंद घळींत अजिबात शिरू नका. पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि लोंढा घळीत येतो. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा. गावं छोटी आहेत, खानावळी लवकर बंद होतात आणि हिवाळ्यात काही उघडतच नाहीत.

कॅपिटल रीफमध्ये फ्रूटा या जुन्या वस्तीच्या फळबागा आहेत. तोडणी सुरू असलेल्या बागेत बसून फळं खाल्ली तर पैसे नाहीत, घरी न्यायची तर वजनावर द्यायचे. जूनमध्ये चेरी, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबरात सफरचंदं. वसंतात थंडीचा कडाका पडला तर त्या वर्षी फळ कमी, म्हणून निघण्याआधी पार्कला फोन करून विचारा.