कार्लाइल : फिरत्या दगडांचं शहर

लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून ग्लासगोच्या गाडीत बसलं की साधारण साडेतीन तासांत कार्लाइल येतं. स्पेलिंगमधला ‘एस’ उच्चारायचा नाही. इथून स्कॉटलंडची हद्द जेमतेम पंधरा किलोमीटर. बहुतेक पर्यटक लेक डिस्ट्रिक्ट बघून परस्पर एडिंबरा गाठतात आणि एक विलक्षण शहर हुकतं. तीन-चार तास काढा, सगळं पायी होतं.

इथली हद्द कायम सरकत राहिली. इंग्लंडच्या १०८६ च्या जमीन-पाहणीत, म्हणजे ‘डूम्सडे बुक’मध्ये, कार्लाइल नाही, कारण तेव्हा ते इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातच नव्हतं. १०९२ मध्ये दुसऱ्या विल्यमने ते घेतलं आणि किल्ला उभारला. पुढे स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिडने ते जिंकलं आणि ११५३ मध्ये तो वारला तोही इथेच.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, इलियट अशी ‘रीव्हर’ घराणी राहायची. गुरं पळवणं हाच त्यांचा धंदा. त्यासाठी दोन्ही देशांनी मिळून वेगळा कायदा केला होता. चोरी झाली की मालकाने सहा दिवसांच्या आत हद्द ओलांडून पाठलाग करायचा, पण भाल्याच्या टोकाला पेटता पीट, म्हणजे दलदलीतल्या वाळक्या मातीचा गोळा, लावून. आपण चोर नाही, हे दुरूनच दिसावं म्हणून. वाटेत भेटेल त्याने मदत करायची. नाकारली तर तो चोराचा साथीदार ठरे. ‘ब्लॅकमेल’ हा शब्दही याच मुलखातला. ‘मेल’ म्हणजे खंड, भाडं. गुरं सुरक्षित राहावीत म्हणून रीव्हरांना द्यायचा तो काळा खंड.

कॅथीड्रल मात्र सावकाश बघा. निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्यांकडे सगळे माना वर करतात, पण आधी पश्चिमेकडे वळा. एवढ्या भव्य इमारतीचं मुख्य दालन दोनच कमानींनंतर एकाएकी संपतं. १६४० च्या दशकातल्या यादवीत स्कॉटिश सैन्याने बाकीचा भाग पाडून त्याचे दगड किल्ल्याच्या डागडुजीला नेले. उरलेल्या कमानी जमीन खचल्याने वाकड्या झाल्या आहेत, नुसत्या डोळ्यांना कळतं. रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीचे दगडही असेच शतकानुशतकं इथल्या बांधकामांत जिरले. म्हणून हेड्रियनची भिंत बघायला कार्लाइलला येणाऱ्यांची निराशा होते. शहरात ती जवळपास दिसतच नाही. त्यासाठी पूर्वेला बर्डोस्वाल्डपर्यंत जा. तिथे सलग मोठा पट्टा शाबूत आहे.

दुसरी हद्द पाण्याची. ईडन, कॅल्ड्यू आणि पेटरिल या तीन नद्या शहरातच मिळतात. ईडन पेनाइन डोंगर आणि लेक डिस्ट्रिक्ट या दोन्हीकडचं पाणी आणते. ती फुगली की उरलेल्या दोघींच्या पाण्याला वाट राहत नाही, ते मागे वस्तीत तुंबतं. जानेवारी २००५ च्या पुरानंतर संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ‘डेसमंड’ वादळात लेक डिस्ट्रिक्टमधल्या हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी त्या भिंतींवरूनही आलं. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवणाऱ्यांना हा आकडा लहान वाटेल, पण युनायटेड किंगडममधला तो उच्चांक आहे.

त्या पुरात नदीकाठच्या क्रिकेट क्लबचं पॅव्हेलियन गेलं. नवीन बांधण्यापूर्वी २०१७ मध्ये चाचणीचं खोदकाम झालं आणि खाली रोमन स्नानगृह निघालं. वरच्या टेकाडावर, स्टॅनविक्सला, हेड्रियनच्या भिंतीवरचा सर्वांत मोठा किल्ला होता, हजार घोडेस्वारांच्या दलाचा. २०२३ मध्ये क्रिकेटच्या त्याच मैदानातून माणसाच्या डोक्याहून कितीतरी मोठी दोन दगडी शिरं वर आली. खेळाच्या सीमारेषेजवळच पडून होती.