सोन्याच्या पाण्याखाली

"ताई, कुड्या फार गोड आहेत, पण माझे कान पिकले." यूट्रेख्टच्या एका मुलीचा हा निरोप मार्च २०२४मध्ये आला. सोबत कानाच्या पाळीचा फोटो होता, लालबुंद, भोकाच्या कडेला खपली धरलेली. मी पैसे परत केले आणि मनात म्हटलं, हिची कातडीच नाजूक असणार. आपल्याकडे निम्म्या बायका म्हणतातच की, "मला बाई खोटं चालत नाही."

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहते. मोत्याच्या कुड्या, नथी, बुगड्या, ठुशी घरीच करते. मोती, खडे, तार आणि कुडीच्या मागची तयार चकती-दांडी दर सुट्टीत पुण्याच्या बोहरी आळीतून आणते. आधी फक्त गणपतीत स्टॉल लावायचे, मग ऑनलाइन दुकान काढलं. धंदा म्हणजे केवढा, तर दिवाळीत स्वयंपाकघरातलं टेबल जेवायला मोकळं मिळत नाही, एवढा.

त्या वर्षी पावसाळी ऑक्टोबरात विक्रीच्या साइटकडून ईमेल आला. युरोपियन युनियनचा सामान्य उत्पादन सुरक्षेचा नवा नियम, क्रमांक २०२३/९८८, १३ डिसेंबर २०२४पासून लागू होणार होता. प्रत्येक वस्तूवर किंवा वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, टपालाचा पत्ता, ईमेल आणि वस्तू ओळखता येईल असा क्रमांक हवा. यातलं बरंचसं ऑनलाइन पानावरही दिसलं पाहिजे. शिवाय धोक्यांचं विश्लेषण करून त्याची फाइल दहा वर्षं जपायची. लहान विक्रेत्यांना यातून सूट नाही. घरून काम करणाऱ्या बाईने आपल्या घराचा पत्ता जगाला दाखवायचा, हे मला आजही पटत नाही. मी महिन्याच्या भाड्यावर टपालाचा पत्ता घेतला. तो खर्च गेला तो गेलाच.

धोक्यांचं विश्लेषण मी एका संध्याकाळी उरकलं. मोती लहान मुलांच्या हाती देऊ नये, दांडी टोकदार आहे, झोपताना काढून ठेवावी. झालं! मग साइटच्या मदतपानावर एक ओळ दिसली: दागिन्यांसाठी रीचच्या सतराव्या परिशिष्टातल्या मर्यादा तपासा. रीच म्हणजे युरोपचा रसायनांचा कायदा. ते परिशिष्ट वाचता वाचता मला तो फोटो आठवला.

परिशिष्टात माझ्या कामाच्या तीन नोंदी होत्या. शिसं कुठल्याही सुट्या भागात वजनाच्या ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी हवं. धातूच्या भागात कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा कमी. कातडीला ॲलर्जी आणणाऱ्या निकेलचं मोजमाप मात्र निराळंच. धातूत निकेल किती आहे हे विचारतच नाहीत, कातडीवर किती सुटतं ते विचारतात. टोचलेल्या कानानाकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, आणि कातडीला नुसत्या टेकणाऱ्या दागिन्यातून ०.५पर्यंत. म्हणजे टोचलेल्या नाकातल्या नथीला एक माप आणि चापाच्या नथीला दुसरं. ब्रसेल्समध्ये बसून कुणी चापाच्या नथीचा विचार केला नसेल, पण नियम तिला चपखल बसतो.

मी स्वतःशी पळवाट शोधलीच. नथ काय कोण रोज घालतं? पाडव्याला, हळदीकुंकवाला, लग्नात. पण युरोपच्या रसायन संस्थेने 'दीर्घ संपर्क' म्हणजे काय तेही लिहून ठेवलंय: दोन आठवड्यांत तीनदा दहा-दहा मिनिटं, किंवा एकदाच तीस मिनिटं. हळदीकुंकवाला तीस मिनिटं नुसती चहा येईपर्यंत जातात.

बोहरी आळीतल्या ज्या दुकानातून दांड्या घेते तिथे फोन लावला. "मॅडम, निकेल कुठून येणार? प्योर तांबं आहे, वर सोन्याचं पाणी. बिनधास्त विका." निकेल तपासायची बाटली मागवली. आत अमोनियाच्या वासाचं डायमिथाइलग्लायॉक्झिम. कापसाच्या काडीवर दोन थेंब टाकायचे, धातूवर अर्धा मिनिट घासायचं, निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. मुलं शाळेत गेल्यावर खिडक्या उघडून बसले आणि डब्यातल्या सगळ्या कुड्या एकेक करून घासल्या. कापूस पांढरा तो पांढराच. दुकानदार खरं बोलत होता. मी त्याला मनातल्या मनात सॉरीसुद्धा म्हटलं.

मग सहज माझ्या स्वतःच्या कानातली कुडी काढली. त्याच लॉटमधली, दोन वर्षं जवळजवळ रोज घातलेली. दांडीवर काडी फिरवली, तर कापूस पेरूच्या आतल्या गरासारखा गुलाबी. आधी वाटलं काडीच खराब असेल. दुसरी घेतली, तीही तशीच. मग एका कोऱ्या कुडीची दांडी बारीक पॉलिश पेपरवर चार-पाचदा ओढली आणि पुन्हा तपासली. गुलाबी!

दुकानदार खोटं बोलत नव्हता. तांबं खरंच होतं, सोनंही होतं. पण मुलामा देणारे मध्ये निकेलचा थर देतात. त्याने चकाकी येते आणि तांबं सोन्यात झिरपून रंग काळवंडत नाही. तो थर त्याच्या हिशेबात धातू नव्हताच, 'प्रोसेस' होती. वरचं सोन्याचं पाणी इतकं पातळ की घामाने आणि फिरकी लावता-काढताना काही महिन्यांत उडतं, आणि खाली उघडं पडतं ते निकेल. कोरी कुडी चाचणीत पास होते आणि गिऱ्हाइकाच्या कानात नापास होते. नियमात हेही आधीच धरलेलं आहे: मुलामा असेल तर तो दोन वर्षांच्या नेहमीच्या वापरात टिकून निकेल अडवणारा हवा.

प्रयोगशाळेला ईमेल लिहिला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, मुलामा आहे का? असेल तर त्यांच्याकडे आधी दोन वर्षांची झीज नकली करतात. वस्तू गंजवणाऱ्या वाफेत ठेवतात, मग खरखरीत कणांबरोबर पिंपात घोळवतात. त्यानंतर ती ३० अंशांवर आठवडाभर कृत्रिम घामात बुडवतात. मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया घातलेलं पाणी म्हणजे तो घाम. शेवटी पाण्यात किती निकेल उतरलं ते मोजतात. आपल्या सराफाकडचं क्ष-किरणांचं कॅरेटमीटर धातूत काय आहे ते सांगतं, सुटतं किती ते नाही. म्हणूनच स्टीलचं कोडं मला नंतर उलगडलं: सर्जिकल म्हणून विकतात त्या ३१६एल स्टीलमध्ये दहा टक्क्यांच्या वर निकेल असतं, पण ते धातूत इतकं घट्ट बांधलेलं असतं की बाहेर फारसं येत नाही.

चाचणीचे दर पाहून प्रत्येक डिझाइन पाठवणं अशक्य होतं. म्हणून दागिने मोजायचं सोडून भाग मोजले. बावीस प्रकारचे दागिने होते, पण कातडीला लागणारे धातूचे भाग फक्त सहा. कानात अडकवायचे आकडे बदलून निओबियम या धातूचे केले, कारण त्यात निकेल नाही आणि तार नुसती वाकवायची असते. दांड्यांना निओबियम जमेना, धातू जोडायचा साधा डाक त्यावर बसत नाही. तिथे ९२५ चांदी घेतली, धातूच्या घटकांचा कागद देणाऱ्या विक्रेत्याकडून. नेदरलँड्समध्ये चांदी आठ ग्रॅमच्या वर गेली की हॉलमार्क लागतो. माझ्या दांडीचं वजन ग्रॅमभरही नाही, तेवढं एक सुटलं.

डाकाने मात्र पुन्हा अडवलं. आधी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कथील-शिशाचा डाक वापरायचे, चांगला पटकन वितळणारा. त्यात शिसं चाळीस टक्के! मर्यादा 'प्रत्येक भागाला' असल्यामुळे मोहरीएवढा डाकाचा थेंबही वेगळा मोजला जातो. पूर्ण दागिन्याच्या वजनात तो विरघळवून सरासरी काढता येत नाही. चांदीच्या डाकात कॅडमियम नाही ना, हे पाकिटावर वाचूनच घ्यावं लागतं. आईला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, केडीएम म्हणजे तेच ना?" तेच. तिच्या पाटल्या केडीएमच्या आहेत हे ती किती वर्षं अभिमानाने सांगत आली आहे. के-डी-एम हे कॅडमियमचंच नाव आहे, त्याने सोनं जोडायचे, आणि त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसं खराब व्हायची. आई जरा वेळ गप्प झाली. "मग आता त्या मोडू का?" नको, म्हटलं.

मीनाकारीच्या बुगड्या मी बंदच केल्या. ५०० अंशांच्या वर भाजलेल्या खऱ्या मिन्याला शिशाच्या नियमातून सूट आहे. पण माझ्याकडचा 'मीना' नखाने खरवडला तर निघाला. तो रंग होता.

प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. नवी दांडी आणि आकडा दोन्ही मर्यादेच्या खूप खाली. जुन्या दांडीचा एक नमुनाही मुद्दाम पाठवला होता, पैसे जास्त गेले तरी. तो मर्यादेच्या कितीतरी पट वर निघाला. यूट्रेख्टच्या मुलीला मी लिहिलं की तुझी कातडी नाजूक नव्हती, माझी दांडी वाईट होती. त्या लॉटच्या बाकी गिऱ्हाइकांनाही लिहिलं, कुड्या घालू नका, पैसे परत देते. एकोणीसपैकी अकरा जणींनी उत्तर दिलं. दोघींनी लिहिलं की खाज येत होती, पण सांगायला संकोच वाटला.

आता माझी पुण्यातली मामेबहीण मागे लागली आहे. तीही नथी करून इकडे विकते, आणि बाहेरच्या विक्रेत्याला युरोपात एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. लेबलवर त्या व्यक्तीचंही नाव-पत्ता येतो. "तुझंच नाव टाकते गं, नुसतं नावापुरतं." मी म्हटलं, नावापुरतं काही नसतं यात, आधी नमुने पाठव. काल पार्सल आलं, तेरा नथी, वर "सगळं निकेल-फ्री आहे" अशी चिठ्ठी. पॉलिश पेपर काढून ठेवला आहे.