तुम्ही विचारलंत म्हणून: एचडी ६०० अजून का?

प्रश्न नेहमी एकाच घाटाचा असतो. दर महिन्याला नवा हेडफोन येतो, बाहेरचा आवाज गिळून टाकणारे ब्लूटूथवाले आलेत, आणि तुम्ही मंडळी १९९७ सालच्या त्या निळसर, संगमरवरी ठिपक्यांच्या सेनहायझर कंपनीच्या एचडी ६०० हेडफोनला अजून का धरून बसलात? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: जुना मिळतोय, घेऊ का? गोव्यातून विचारणारा असेल तर तिसराही ठरलेला: आमच्या पावसात तो टिकेल का?

आधी घराणं सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एचडी ५८० आला. १९९५ला कंपनीच्या पन्नाशीनिमित्त त्याची ज्युबिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातूनच १९९७मध्ये एचडी ६०० बाहेर पडला. २००३मध्ये थोडा उबदार आवाजाचा एचडी ६५०, आणि २०१६मध्ये त्याच ६५०चा स्वस्त अवतार, ६एक्सएक्स. या सगळ्यांचे कानाचे पॅड एकमेकांना बसतात, केबल बसते. ५८०ची प्लास्टिकची जाळी काढून ६००ची धातूची जाळी लावणारे तर कितीतरी. जिव्हाळ्याचं अर्धं कारण इथेच आहे: ही वस्तू हाताने पूर्ण सुटी होते. डाव्या-उजव्या कपाला वेगवेगळी केबल जात असल्यामुळे डोक्यावरच्या पट्टीतून एकही तार गेलेली नाही, म्हणून पट्टी तुटली तरी आवाजाला धक्का नाही. पॅड ओढून निघतो, केबल उपसून निघते, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) सुद्धा सोल्डरचा डाग न देता बदलता येतो. बॅटरी नाही, त्यामुळे चार वर्षांनी मरणारं असं आत काही नाहीच.

उरलेलं अर्धं कारण गळ्याचा आवाज. हार्मोनियमच्या पांढरी सहा या पट्टीचा षड्ज म्हणजे २२० हर्ट्झ, काळी एकचा साधारण १३९. तिथपासून वर तीनेक हजार हर्ट्झपर्यंतचा जो पट्टा आहे, त्यात माणसाचा गळा, हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन आणि तानपुऱ्याची जवारी यांचा बहुतेक व्यवहार चालतो. हा पट्टा एचडी ६०० जितका सरळ वाजवतो, तितका सरळ वाजवणारे हेडफोन आजही थोडे आहेत. केरीच्या केसरबाई केरकर किंवा कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिकांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या डिजिटल करून ऐकणाऱ्यांना हे लगेच पटतं. तीनेक मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात खोल बास मुळातच नाही आणि वरच्या टोकाला खरखर जास्त. वरचा भाग चढवून ठेवलेल्या हेडफोनवर ही खरखर कानात सुया टोचते. इथे ती मागे बसते आणि बाईंचा ‘आ’कार पुढे येतो. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या नाट्यगीतात ऑर्गनचा धरलेला सूर आणि बुवांचा सूर एकमेकांत मिसळताना वेगळे ऐकू येतात, तेही याच पट्ट्याचं देणं.

आता उणं. साठेक हर्ट्झच्या खाली बास उतरायला लागतो आणि तीसवर तो बराच खाली गेलेला असतो. डग्ग्याचा घुमारा येतो, घुमट या गोव्याच्या वाद्याचा येतो; पण हणजुणेच्या (अंजुना) ट्रान्स नृत्यसंगीतातला पोटात बसणारा किक यावर ऐकायचा असेल तर दुसरा हेडफोन घ्या, उगाच भक्तीपोटी अडकू नका. आवाजाचा फैलावही लहान आहे. वाद्यं डावीकडे, उजवीकडे आणि कपाळाच्या मध्यात अशी जमतात. मोठा वाद्यवृंद ऐकणाऱ्याला हे खटकतं, एका गायकाची मैफल ऐकणाऱ्याला नाही. बास थोडा हवा असेल तर इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचे सूर उचलणारा फिल्टर) लावा, ४ डेसिबल वर, क्यू (उताराची तीव्रता) ०.७, आणि तेवढंच म्हणजे ४ डेसिबल प्रीअ‍ॅम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाला सिग्नल कापला जाईल. सहा डेसिबलच्या वर ताणू नका. ड्रायव्हरच्या पडद्याला तेवढं हलायला जागा नाही, बास फाटतो.

अ‍ॅम्पविषयी सगळ्यात जास्त बाजारगप्पा चालतात. एचडी ६००च्या अवरोधाचा (विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) ३०० ओहमचा आकडा बघून लोक घाबरतात आणि विटेएवढं खोकं घेऊन येतात. हिशेब करून बघा. याच घराण्यातल्या एचडी ६५०साठी कंपनीचा आकडा आहे १ व्होल्टला १०३ डेसिबल. सी-टाइपचा साधा छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनला लागणारा सिग्नल करणारं उपकरण) सुद्धा १ व्होल्ट देतो. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी कमाल पातळीपेक्षा वीसेक डेसिबल खाली असते असं धरलं, तर सरासरी ८३ डेसिबल मिळाले. घरात तेवढा आवाज तासभर ऐकणंही जड आहे. हळू भरलेली जुनी ध्वनिमुद्रणं आणि इक्वलायझरचे ४ डेसिबल यांसाठी हात मोकळा हवा म्हणून २ व्होल्ट देणारा डॅक घ्यावा. २ व्होल्टला ३०० ओहममधून जेमतेम १३ मिलिवॉट जातात, त्याला वीट लागत नाही. उलट ३०० ओहमचा फायदा असा, की अ‍ॅम्पचा सूंऽऽ आवाज यात फारसा ऐकू येत नाही.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पवर हा हेडफोन गोड वाजतो म्हणतात, आणि ते खरं आहे. त्याचं गणितही साधं आहे. शंभर हर्ट्झच्या आसपास या ड्रायव्हरचा अवरोध ३००वरून ५००च्या घरात चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा अवरोध १०० ओहम असेल तर मधल्या पट्ट्याला व्होल्टेजचा ७५ टक्के वाटा मिळतो आणि शंभर हर्ट्झच्या आसपास ८३ टक्के. म्हणजे बासच्या वरच्या भागाला जवळजवळ एक डेसिबलचा उठाव. एवढाच तो गोडवा. ज्याला आवडतो त्याने जरूर घ्यावा. ज्याच्या घरी अर्थिंगचा पत्ता नाही त्याने मात्र व्हॉल्व्हच्या नादी लागण्याआधी वायरमन बोलवावा. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकतो, आणि मग येणाऱ्या गुणगुणीचा दोष हेडफोनला लावला जातो.

आता पाऊस. मिरगापासून चवथीपर्यंत किनारपट्टीवर घरातली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर सहज जाते. ड्रायव्हरचा पडदा प्लास्टिकचा, त्याला याचं फार काही नाही. मार बसतो तो तीन ठिकाणी: मखमली पॅड, ड्रायव्हरपुढची काळी फोमची चकती आणि केबलच्या पिना.

पॅडवर घामाचं मीठ आणि डोक्याचं तेल साचतं, त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. तो धुता येतो. पॅडच्या आतल्या कडेखाली बोटं घालून बाहेर ओढला की सगळीकडून टक-टक सुटतो. कोमट पाण्यात हात धुवायच्या साबणाचे दोन थेंब, पाच मिनिटं हलक्या हाताने दाबत राहायचं, तीनदा स्वच्छ पाणी, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. पिळायचं नाही, आतला फोम फाटतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, आषाढात तीन लागले तरी घाई नको. आत ओल राहिली तर पुढच्या आठवड्यात तोच वास परत. धुतल्यावर फोम थोडा फुलतो, पण बसलेला पॅड नवा होत नाही. बोटाने दाबून सोडला आणि वर आला नाही, किंवा कानाची पाळी आतल्या चकतीला टेकायला लागली, की पॅड संपला. पॅड बसला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि सगळा तोलच बदलतो. ‘माझा ६०० आता पूर्वीसारखा वाजत नाही’ या तक्रारीतल्या बहुतेक इथेच मिटतात.

काळी चकती धुवायची नाही. पॉलियुरेथेनच्या फोमला दमट हवेत पाणी हळूहळू फोडत जातं; आधी चिकट होतो, मग चहाच्या भुकटीसारखा झडतो. झडलेले कण ड्रायव्हरकडे जाण्याआधी चकती बदला. नवे पॅड मागवताना जोडीत चकत्या येतात का ते बघून घ्या. बाजारातला कुठलाही स्पंज कापून लावायची अक्कल लढवू नका. जाड किंवा बंद छिद्रांचा फोम वरचा आवाज खातो आणि हेडफोन मंद वाटायला लागतो.

याच चकतीतून आत शिरणारा केस हा या घराण्याचा जुना रोग. एका बाजूने, फक्त खालच्या सुरांना, माशी अडकल्यासारखी भरभर येते. लोक ड्रायव्हर गेला म्हणून हळहळतात. बहुधा एक आखूड केस पडद्याला टेकलेला असतो. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, आवाज हळू ठेवून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश न्या, कुठली बाजू भरभरते ते कळेल. मग केबल काढा, पॅड काढा, चकती उचला. कप पालथा धरून पाठीवर बोटाने टिचक्या मारा. टॉर्च तिरका धरला की केस चमकतो. इथे स्टीलचा चिमटा वापरू नका: आतलं चुंबक टोक खेचून घेतं आणि ते थेट पडद्यात घुसतं. प्लास्टिकचा चिमटा, नाहीतर काडीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून केस अलगद टिपायचा. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने लांबून, तिरका वारा द्यायला हरकत नाही. दाबाच्या हवेचा डबा आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य. पडद्याला पोचा आला की तो जात नाही.

पिनांचं तसं सोपं. एक पिन जाड, एक बारीक, म्हणून केबल एकाच दिशेने जाते. जात नसेल तर फिरवा, रेटू नका. खारट हवेने पिना काळवंडल्या की एक बाजू मधेच जाते, केबल हलवली की येते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, वाळू द्या, मग दहा-बारा वेळा घाला-काढा. उपसताना प्लग धरा, वायर नव्हे. तरीही एक बाजू मुकीच राहिली तर डावी-उजवी केबल अदलाबदल करून लावा. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष केबलचा, आहे तिथेच राहिला तर ड्रायव्हरचा किंवा खाचेचा.

पावसाळ्यात ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा पुरे. आत रंग बदलणारी सिलिका जेल, पाव किलो, कापडी पुरचुंडीत, आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. दाण्यांचा रंग बदलला की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवून परत वापरा. गोदरेजच्या कपाटात कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. डांबराच्या गोळ्यांचा वास मखमलीत बसतो, तो दोन धुण्यांतही निघत नाही.

हा हेडफोन मागून उघडा आहे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना किंवा डोक्यावर पंखा पाचावर असताना आलापातले बारकावे त्यात बुडतात, मग हात आवाज वाढवायला जातो. तो मोह टाळा. पंखा दोनवर आणा नाहीतर पाऊस ओसरू द्या. आणि शेजारच्या खाटेवर कोणी झोपलं असेल तर त्यालाही सगळी मैफल ऐकू जाते.

नवा हेडफोन डोकं आवळतो, हीही नेहमीची तक्रार. पट्टी दोन्हीकडून पूर्ण लांब करा म्हणजे आतली स्टीलची पाती उघडी पडते. ती पाती अंगठ्याने थोडी-थोडी बाहेर वाकवा, दोन्ही बाजूंनी सारखीच. कप धरून ताणू नका. तडे जातात ते प्लास्टिकच्या कमानीला, कप जिथे लटकतो तिथे. फार सैलही करू नका, पॅड गालाला नीट टेकला नाही की उरलासुरला बासही जातो.

तर जुना घ्यावा का? वर सांगितलेली टोनची परीक्षा विकणाऱ्यासमोर करा. मग एकाच मायक्रोफोनने घेतलेलं जुनं मोनो गाणं लावा. आवाज कपाळाच्या अगदी मध्यात बसला पाहिजे. एका बाजूला झुकला तर आधी केबल उलटसुलट लावून बघा, तरी झुकलेलाच राहिला तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत. कमानीच्या टोकांना तडे शोधा. झिजलेले पॅड आणि झडलेली चकती यांना नाही म्हणू नका, भावातून नव्या पॅडची किंमत तेवढी कापून घ्या. रंगाचे पापुद्रे निघालेत म्हणून जो स्वस्तात देतो त्याच्याकडून आनंदाने घ्या. आणि वाजवून बघायला काहीच नसेल तर खिशातला मल्टिमीटर प्लगला लावा: टोक ते बूड डावी बाजू, मधलं कडं ते बूड उजवी. दोन्हीकडे ३००च्या आसपास आणि एकमेकांना लागून असे आकडे आले की पैसे द्या. एकीकडे काहीच आलं नाही तर केबल उपसून थेट कपाच्या खाचेवर मोजा. तिथे आकडा आला तर बिघडली आहे ती फक्त केबल.